पानातलं औषध, पेशीतले दोर

मंचरमधल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ‘बाविस्टीन द्या’ म्हटलं की दुकानदार पुढे काही न विचारता पांढुरक्या भुकटीची पुडी काढून ठेवतो. ही भुकटी म्हणजे कार्बेन्डाझिम. ती बटाट्याच्या बेण्याला चोळली जाते, कांद्याच्या रोपांची मुळं तिच्या पाण्यात बुडवली जातात, जुन्नरकडच्या द्राक्षबागांत ती पंपातून पानांवर जाते. गोठ्यात गाईला किंवा धनगराच्या वाड्यावर मेंढराला जंताचं औषध पाजतात, त्यात बहुतेक वेळा याच घराण्यातला दुसरा रेणू असतो. शाळेत जंतनाशक दिनाला मुलं चघळतात ती अल्बेन्डाझोलची गोळी तिसरा. आणि वाढत्या पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर थांबवून ठेवण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात ते नोकोडाझोल चौथा. या चौघांच्या गाभ्यात एकच आकृती आहे: पाच अणूंचं इमिडाझोलचं कडं आणि त्याला एका बाजूने चिकटलेलं बेन्झीनचं कडं. या जोडकड्याला बेन्झिमिडाझोल म्हणतात. पुढचं सगळं पुस्तक त्याविषयी आहे.

जीवरसायनशास्त्रावरचं पुस्तक मराठीत आणि तेही आंबेगाव-जुन्नरच्या वाचकाला समोर ठेवून का लिहिलं, याचं उत्तर या पहिल्याच परिच्छेदात आहे. ज्या रेणूंच्या आधाराने गेल्या पन्नास-साठ वर्षांत पेशीविज्ञानातले काही मोठे शोध लागले, ते रेणू इथला शेतकरी रोज हाताळतो. त्याला पंधरा लिटरच्या पंपाला किती ग्रॅम हे सांगितलं जातं. ते औषध पानात शिरून काय करतं, कोणावर चालतं, कोणावर कधीच चालणार नाही आणि एकेकाळी चालत होतं ते आता का चालेनासं झालं, हे त्याला कोणी सांगत नाही. हे सांगायला अवघड आहे असंही नाही. दहावीपर्यंत विज्ञान शिकलेल्या माणसाला ते समजतं, असा माझा विश्वास आहे.

आधी इमिडाझोलची ओळख. १८५८ साली हाइनरिश डेबुस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्लायऑक्झाल, फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया यांच्यापासून ते तयार केलं. तीन कार्बन आणि दोन नायट्रोजन यांचं हे छोटंसं कडं. त्यातल्या दोन नायट्रोजनांचे स्वभाव मात्र वेगळे. एकावर हायड्रोजन बसलेला असतो. दुसऱ्याजवळ इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, तिने तो हायड्रोजन आयन पकडतो किंवा एखाद्या धातूला धरून ठेवतो. हायड्रोजनची ही देवघेव सहा-सात सामूच्या आसपास, म्हणजे जिवंत पेशीच्या आत जी परिस्थिती असते तिच्या अगदी जवळ घडते. त्यामुळे पेशीत कुठेही हायड्रोजन घ्यायचा-द्यायचा असेल किंवा धातूचा अणू जागेवर धरायचा असेल, तिथे हे कडं उपयोगी पडतं. १८९६ मध्ये सापडलेल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीत तेच आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू एका हिस्टिडीनच्या इमिडाझोलने धरलेला असतो. श्वासाबरोबर येणारा ऑक्सिजन त्या लोहाच्या दुसऱ्या अंगाला बसतो.

प्रयोगशाळेत खुद्द इमिडाझोल रोज लागतं ते याच धातू धरण्याच्या गुणामुळे. १९७५ साली स्वीडनच्या येर्कर पोरात यांनी धातूचे आयन बसवलेल्या स्तंभातून प्रथिनं वेगळी करण्याची रीत मांडली. पुढे १९८७-८८च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हॉफमन-ला रोश कंपनीतल्या होखुली आणि सहकाऱ्यांनी तिला आजचं रूप दिलं. हव्या त्या प्रथिनाच्या टोकाला जनुकातच सहा हिस्टिडीनांची शेपटी जोडायची, जिवाणूंकडून ते प्रथिन बनवून घ्यायचं आणि जिवाणू फोडून त्यांचा रस निकेल बसवलेल्या स्तंभातून सोडायचा. शेपटीवालं प्रथिन निकेलला चिकटून राहतं, बाकीचं वाहून जातं. मग वरून इमिडाझोलचं द्रावण ओतलं की निकेलवरच्या जागा ते इमिडाझोल बळकावतं आणि प्रथिन शुद्ध स्वरूपात खाली उतरतं. मंचरच्या किंवा अवसरीच्या महाविद्यालयातून पुढे पुण्याच्या आयसरमध्ये किंवा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकल्पासाठी गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाताखालून हा प्रयोग हमखास जातो. या पुस्तकात त्यावर एकच प्रकरण आहे. कारण इथल्या मातीत खरा पसरलेला आहे तो इमिडाझोलचा थोरला भाऊ बेन्झिमिडाझोल.

त्याची शेतीतली गोष्ट १९६०च्या दशकात सुरू होते. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीने थायाबेन्डाझोल हे जनावरांच्या जंतांवरचं औषध आणलं. काही वर्षांतच ते बुरशीवरही चालतं असं दिसलं. १९६८ साली ड्युपाँने बेनोमिल बाजारात आणलं. तोपर्यंत बागायतदाराच्या हाती मुख्यतः गंधक, बोर्डो मिश्रण आणि पानाच्या पृष्ठभागावरच राहणारी औषधं होती. पाऊस आला की धुऊन जात आणि पानाच्या आत शिरलेल्या बुरशीला हात लावू शकत नसत. बेनोमिल पानात शिरत होतं, रसाबरोबर वरच्या अंगाला सरकत होतं आणि आत बसलेल्या बुरशीला गाठत होतं. द्राक्षाच्या बागेत भुरीने वैतागलेल्या माणसाला हा फरक केवढा वाटला असेल, याची कल्पना ज्यांनी तो काळ पाहिला त्यांनाच येईल. पाण्यात गेल्यावर बेनोमिल मोडून कार्बेन्डाझिम होतं आणि खरं काम तेच करतं, हेही लवकरच लक्षात आलं. थायोफेनेट मिथाइल नावाचं आणखी एक बुरशीनाशक आपल्याकडे खूप खपतं, तेही पानात जाऊन कार्बेन्डाझिमच बनतं. एका फवारणीला एक आणि पुढच्या फवारणीला दुसरं घेऊन ‘औषध बदललं’ असं समजणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं. दोन्ही फवारण्यांत बुरशीवर एकाच रेणूचा घाव बसतो.

पण हा घाव पडतो कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना शेतीचं औषध जीवरसायनशास्त्राचं हत्यार बनलं. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथे डाविडसे यांनी अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स या मातीतल्या हिरवट बुरशीवर काम केलं. कार्बेन्डाझिम दिल्यावर तिच्या पेशींचं विभाजन बिघडतं, हे त्यांनी १९७३ मध्ये दाखवलं. १९७७ साली त्यांनी आणि फ्लाख यांनी पुढचा टप्पा गाठला. कार्बेन्डाझिम बुरशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, दाद न देणाऱ्या बुरशीचं ट्युब्युलिन त्याला कमी धरतं आणि जास्त संवेदनशील बुरशीचं अधिक घट्ट. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉन मॉरिस आणि सहकाऱ्यांनी बेनोमिल पचवणाऱ्या बुरशीच्या वाणांवरून बीटा ट्युब्युलिनचं जनुक ओळखलं. पेशीतलं हे प्रथिन कोणत्या जनुकावरून बनतं, हे एका बुरशीनाशकाला शरण न गेलेल्या बुरशीने सांगितलं.

ट्युब्युलिनचं काम समजलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबतो. केंद्रक असलेल्या पेशींत सूक्ष्मनलिका असतात. ट्युब्युलिनच्या अल्फा आणि बीटा अशा जोड्या एकावर एक रचून त्या बनतात आणि त्यांचा व्यास असतो सुमारे २५ नॅनोमीटर. पेशीचं विभाजन व्हायचं झालं की या नलिका दोरांसारख्या दोन ध्रुवांपासून वाढत येतात, गुणसूत्रांना धरतात आणि दोन बाजूंना ओढून नेतात. त्यांचं वैशिष्ट्य असं की त्या कायमच्या उभ्या नसतात. एक टोक वाढत असतं, अचानक कोसळतं, पुन्हा वाढतं. मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८४ मध्ये हे वर्तन वर्णिलं. नारायणगावच्या फडांचे तंबू संध्याकाळी उभे राहतात, वग संपला की रात्रीतूनच सोडले जातात आणि तेच बांबू-दोर दुसऱ्या गावच्या जत्रेत लागतात, तसं पेशीचं हे सामान पुन्हा पुन्हा जोडलं आणि सोडलं जातं. बेन्झिमिडाझोल बीटा ट्युब्युलिनच्या एका खाचेत जाऊन बसतं. खाच भरलेली जोडी नलिकेत नीट बसत नाही. दोर वाढत नाहीत, गुणसूत्रं जागच्या जागी खोळंबतात आणि बुरशीचा तंतू पुढे सरकेनासा होतो. कार्बेन्डाझिम बुरशीला जाळत नाही, तिची वाढ अडवतं. म्हणूनच पान आधीच करपून गेलेलं असताना मारलेल्या फवारणीने ते पान पुन्हा हिरवं होत नाही.

याच खाचेच्या परिसरात आणखी एक ओळखीचा रेणू बसतो. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कळलावीची लाल-पिवळी फुलं दिसतात. त्या वेलीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं, अत्यंत विषारी. १९६७ साली बोरिसी आणि टेलर यांनी कोल्चिसीन पेशीतल्या कोणत्या प्रथिनाला धरतं ते शोधलं आणि तेच प्रथिन पुढे ट्युब्युलिन म्हणून ओळखलं गेलं. सह्याद्रीतल्या वेलीचं विष आणि दुकानातलं जंताचं औषध शेजारी शेजारी काम करतात. वनस्पतिशास्त्राच्या सहलीत कळलावी दाखवताना शिक्षकांनी एवढं जरूर सांगावं.

नोकोडाझोल बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या प्रयोगशाळेतलं. १९७६ मध्ये त्याचा पेशींवरचा परिणाम प्रसिद्ध झाला आणि संशोधकांना एक फार सोयीचं साधन मिळालं. ते दिलं की पेशी विभाजनाच्या मध्यावर थांबतात, धुऊन काढलं की एकदम पुढे निघतात. हजारो पेशी एकाच टप्प्यावर आणून उभ्या करता येतात. १९९१ साली यीस्टला बेनोमिल देऊन केलेल्या प्रयोगांतून त्याहून मोलाची गोष्ट हाती लागली. दोर नीट जोडले गेलेले नाहीत हे ओळखून विभाजन रोखून धरणारी एक पहारेकरी यंत्रणा पेशीत असते, हे होइट, टोटिस आणि रॉबर्ट्स यांनी आणि स्वतंत्रपणे ली आणि मरे यांनी दाखवलं. त्या जनुकांची भावंडं माणसातही आहेत. ती बिघडली तर पेशीत गुणसूत्रांची संख्या चुकते, कर्करोगाच्या अनेक गाठींमध्ये दिसते तशी. मुंबईच्या आयआयटीत दुलाल पांडा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये बेनोमिल मेंदूतल्या ट्युब्युलिनवर आणि मानवी कर्करोगपेशींवर तपासलं. सस्तन प्राण्यांच्या ट्युब्युलिनलाही ते चिकटतं, नलिकांचं वाढणं-कोसळणं मंदावतं आणि पेशींचं विभाजन थांबतं, असं त्यांना आढळलं. फवारणीच्या टिपाडातला रेणू आणि कर्करोगाच्या संशोधनातला रेणू यांच्यात फार अंतर नाही.

आता मंचरच्या बांधावर येतो, कारण या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण तिथलं आहे. आपल्याकडे पान वाळलं, डाग पडले, शेंडे जळाले की रोगाला करपा म्हणतात. पण करपा हा एक रोग नाही. सातगाव पठारावर पेठ-कुरवंडीच्या रानात ऐन पावसात बटाट्यावर येतो तो उशिराचा करपा. तो फायटॉप्थोरा नावाच्या जीवाचा. हा जीव दिसतो बुरशीसारखा, पण त्याच्या पेशीची भिंत सेल्युलोजची असते आणि त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी. त्याच्या ट्युब्युलिनवर बेन्झिमिडाझोलचा परिणाम होत नाही. बटाट्यावर किंवा टोमॅटोवर लवकर येणारा करपा अल्टरनेरिया या खऱ्या बुरशीचा. कांद्याच्या पातीवरचा जांभळा करपाही अल्टरनेरियाचाच. अल्टरनेरियाच्या सगळ्या कुळावर बेन्झिमिडाझोल मुळातच चालत नाही. सवयीने दाद देईनाशी झाली असा हा प्रकार नाही, पहिल्या दिवसापासून ती दाद देत नव्हती. कांद्यावरचा काळा करपा मात्र कोलेटोट्रिकमचा, आणि द्राक्षावरचा करपाही त्याच कुळातला. तिथे हे औषध चालतं, निदान चालत असे. द्राक्षावरची भुरी खऱ्या बुरशीची, तिथेही ते चालत आलं आहे. डाऊनी मात्र फायटॉप्थोराच्या नात्यातली, तिथे ते निकामी.

हे चित्र नीट पाहिलं तर लक्षात येतं की मंचर बाजार समितीच्या आवारात ज्या दोन मालांचे ढीग सर्वांत मोठे लागतात, त्या बटाट्याच्या आणि कांद्याच्या सर्वांत धास्तीच्या करप्यांवर एकट्या कार्बेन्डाझिमची फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. मँकोझेबबरोबर मिसळून मिळणाऱ्या पुडीने गुण येतो तेव्हा तो मँकोझेबचा असतो, कार्बेन्डाझिमचा वाटा त्यात नसतो. बेण्याला चोळण्याची गोष्ट निराळी. कंदाबरोबर येणाऱ्या फ्युजेरियमच्या कोरड्या कुजीवर त्याचा उपयोग होतो. औषध एकच, शेतकरी एकच, पीकही एकच. तरी बेण्यावर योग्य आणि पानावर निरर्थक. हा फरक ट्युब्युलिनची खाच कळल्याशिवाय समजावून सांगता येत नाही, आणि कळल्यावर विसरता येत नाही. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय आपल्या शेजारी आहे, नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या वाटेवर आहे. पातीवरचा डाग ओळखता येत नसेल तर दुकानात जाण्याआधी पात घेऊन तिथे जावं, असं मी कळकळीने सांगतो.

चालत होतं ते न चालण्याची कहाणी याहून गंभीर आहे. बेनोमिल बाजारात आल्यावर वर्षभरातच, १९६९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात काकडीवर्गीय वेलींच्या भुरीने त्याला जुमानेनासं झाल्याची नोंद झाली. एवढ्या लवकर का? औषधाचा घाव एकाच प्रथिनाच्या एकाच खाचेवर असतो, हे त्याचं कारण. बीटा ट्युब्युलिनमध्ये साडेचारशेच्या आसपास अमिनो आम्लं असतात. त्यातल्या १९८व्या जागेवरचं ग्लुटामिक आम्ल बदलून अ‍ॅलनीन आलं किंवा २००व्या जागेवर फेनिलअ‍ॅलनीनऐवजी टायरोसिन आलं, तर खाचेचा आकार तेवढ्यापुरता बदलतो. ट्युब्युलिन आपलं काम करत राहतं, औषध मात्र बसत नाही. एका पानावर कोट्यवधी बीजाणू असतात. त्यात असा बदल झालेला एखादा असणं अगदी शक्य आहे. फवारणीने बाकीचे थांबतात, तो वाढतो, आणि पुढच्या हंगामात बाग त्याच्या वंशाची होते. मात्रा वाढवून उपयोग नाही, कारण ज्याला खाचच उरलेली नाही त्याला दुप्पट औषधही तेवढंच कमी पडतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या द्राक्षबागांतून गोळा केलेल्या कोलेटोट्रिकममध्ये कार्बेन्डाझिमला दाद न देणारे वाण नोंदवले आहेत. आपल्या बागा या महाराष्ट्रातच आहेत.

मेंढरांच्या पोटातल्या जंतांनी हाच धडा वेगळ्या वाटेने गिरवला. हिमॉन्कस नावाचा रक्तपिपासू गोलकृमी मेंढ्या-बकऱ्यांच्या चौथ्या जठरात राहतो आणि पावसाळ्यानंतर कळपच्या कळप पांढरे पाडतो. अल्बेन्डाझोल आणि फेनबेन्डाझोल त्याच्या ट्युब्युलिनला धरतात. जिथे तेच औषध वर्षानुवर्षं वापरलं गेलं तिथे या कृमीतही २००व्या जागेवर तोच टायरोसिन आलेला दिसतो. बुरशी आणि कृमी, एकमेकांशी काही संबंध नसलेले जीव, त्याच जागी तोच बदल करून वाचले. आणि माणसाच्या, गाईच्या, बकरीच्या बीटा ट्युब्युलिनमध्ये त्या जागेवर मुळातच टायरोसिन आहे. शाळेतल्या मुलाने अल्बेन्डाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चघळली तर जंत मरतात आणि मुलाला सहसा काही होत नाही, याच्या कारणांत हे एक मोठं कारण. दुसरं असं की हे औषध आतड्यातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, अंगणवाडीपासून शाळांपर्यंत मुलांना ही गोळी मिळते. ती देण्याचं काम करणाऱ्या आशाताई आणि शिक्षकांनी या पुस्तकातलं ते प्रकरण वाचावं, अशी माझी विनंती आहे. पालकांच्या मनात शंका आली तर उत्तर देता येतं.

‘सहसा काही होत नाही’ हे गोळीपुरतं खरं आहे. भुकटीच्या बाबतीत निर्धास्त राहू नये. कार्बेन्डाझिमच्या पुडीवर हिरवा त्रिकोण असतो. तो त्रिकोण एका वेळी पोटात गेल्यावर जीव जाईल की नाही, एवढंच सांगतो. रोज थोडं थोडं अंगावर गेल्याचा परिणाम त्यात मोजलेला नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत जास्त मात्रेने वृषणांना इजा आणि शुक्राणूंत घट दिसली आहे. विभाजन अडवणाऱ्या औषधाचा परिणाम शरीरात जिथे सतत विभाजन चालतं तिथे दिसावा, हे त्याच्या कामाच्या पद्धतीशी जुळतंच. युरोपने त्याला जनुकीय दोष आणि प्रजननहानी घडवू शकणाऱ्या पदार्थांच्या वरच्या वर्गात ठेवलं, आणि तिथली त्याची मान्यता २०१४ मध्ये संपली. २०१२ मध्ये अमेरिकेने ब्राझीलमधून आलेल्या संत्र्याच्या रसात ते सापडलं म्हणून माल अडवला होता. भारतात बेनोमिलवर २०१८ साली बंदी आली. २०२० मध्ये केंद्र सरकारने २७ कीडनाशकांवर बंदीचा जो मसुदा काढला त्यात कार्बेन्डाझिम आणि थायोफेनेट मिथाइल दोन्ही होती. अंतिम बंदीत ती आली नाहीत. म्हणजे ती दुकानात आहेत, आपल्या घरात आहेत, आणि बेण्याला ती उघड्या हाताने चोळणाऱ्या बहुतेक जणी आपल्या घरातल्या बाया आहेत. साधे रबरी हातमोजे आणि तोंडाला फडकं. गर्भार बाईने या कामाला हात लावू नये. पुस्तकातला हा मजकूर मी जाड ठशात छापायला सांगितला आहे. द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना रेसिड्यूची भीती असते, म्हणून ते काढणीआधीचे दिवस मोजतात. गावच्या बाजारात जाणाऱ्या मालासाठीही तीच काळजी घ्यायला हवी, कारण तो माल आपलीच मुलं खातात.

एवढं वाचून हे कडं म्हणजे नुसतं विष, असा समज होऊ नये म्हणून शेवटचं प्रकरण जीवनसत्त्व बी-१२वर आहे. या जीवनसत्त्वाच्या रेणूत मधोमध कोबाल्टचा अणू असतो आणि त्याला एका बाजूने धरून ठेवतं ते डायमिथाइल बेन्झिमिडाझोल, म्हणजे दोन छोटे कार्बनी गट जोडलेलं तेच जोडकडं. डोरोथी हॉजकिन यांनी १९५०च्या दशकात क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. त्यांना १९६४चं नोबेल पारितोषिक मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही, कोणताही प्राणी बनवत नाही, फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखे काही सूक्ष्मजीव बनवतात. गाईच्या पहिल्या जठरात ते असतात, म्हणून दुधात बी-१२ असतं. अवसरी फाट्यावर १९९२ पासून पराग मिल्क फूड्सचा मोठा दूधधंदा उभा आहे आणि आसपासच्या गावांचं दूध त्या वाटेने जातं. तरीही पुणे जिल्ह्यातल्या गावांत आयांच्या अंगी बी-१२ किती कमी आहे, हे केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पुणे मातृ-पोषण अभ्यासात जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या गर्भवतींची नोंद होत गेली. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं, असं त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. डेअरीला दूध घालून घरात चहापुरतं ठेवणाऱ्या कुटुंबांसाठी हा निष्कर्ष फार जवळचा आहे. गाईला जंताचं औषध पाजल्यावर ठरलेल्या दिवसांपर्यंतचं दूध वेगळं ठेवावं, हे त्याच प्रकरणात सांगितलं आहे, कारण त्या दुधातही बेन्झिमिडाझोल उतरतं, आणि ते जीवनसत्त्व नसतं.

पुस्तकाच्या अखेरीस एक प्रयोग दिला आहे. तो मंचरच्या, नारायणगावच्या किंवा घोडेगावच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या खोलीत करता येतो. दोनशे ग्रॅम बटाटा लिटरभर पाण्यात उकळून गाळून घ्यायचा, त्यात वीस ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि वीस ग्रॅम आगर घालून माध्यम बनवायचं, प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करायचं. काही बश्यांत साधं माध्यम ओतायचं, काहींत ते ओतण्याआधी मोजून कार्बेन्डाझिम मिसळायचं: लिटरला एक मिलिग्रॅम, दहा मिलिग्रॅम, शंभर मिलिग्रॅम. मग कांद्याच्या पातीवरून वाढवलेली जांभळ्या करप्याची बुरशी आणि द्राक्षाच्या पानावरून वाढवलेली करप्याची बुरशी, प्रत्येकीचा छोटा गोल तुकडा बशीच्या मधोमध ठेवायचा. आठवडाभर रोज फुटपट्टीने व्यास मोजून वहीत लिहायचा. अल्टरनेरिया औषधाच्या बशीत जवळपास तशीच वाढेल. द्राक्षावरची बुरशी एक मिलिग्रॅमलाच थबकली, तर त्या बागेत औषध अजून चालतं. शंभरालाही पसरत गेली, तर त्या बागेत ते चालत नाही, आणि पुढची खरेदी कशाची करायची हे बागवाल्याला त्या बशीवरून ठरवता येईल. विद्यार्थ्यांनी निकाल गावाच्या आणि पिकाच्या नावानिशी कृषी सेवा केंद्राच्या फलकावर लावावेत आणि दर हंगामाला प्रयोग पुन्हा करावा.